ओल्या कागदाचा हिवाळा

भाऊबीज आटोपली की नागपूर, पुणे, मुंबई, हैदराबादच्या गाड्या चंद्रपूरच्या रस्त्याला लागतात. ताडोबा हे १९५५ मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. २०२२ च्या व्याघ्रगणनेत राज्यात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला आणि त्यातला फार मोठा वाटा एकट्या चंद्रपूर जिल्ह्याचा आहे. त्यामुळे मोहर्ली, कोलारा, नवेगावच्या गेटांवर हिवाळाभर एकच प्रश्न ऐकू येतो : ‘दिसला का?’ कर्ता सांगावा लागत नाही. दिसला तर सफारी वसूल, नाही दिसला तर पैसे पाण्यात. या प्रश्नाच्या दोन्ही उत्तरांत जंगल मात्र नसतं. तेव्हा या लेखाचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या हिवाळ्यात करण्याजोगा सगळ्यात शहाणा उद्योग म्हणजे जलरंगाची लहानशी पेटी घेऊन बसणं. चित्र चांगलं होईल म्हणून नव्हे. बहुतेकांचं होणार नाही. पण इथलं हिवाळी हवामान, इथला प्रकाश, इथली पानगळ आणि जलरंगाचा स्वभाव यांचा मेळ असा जमतो, की हे माध्यम पाहण्याचं साधन म्हणून दुसऱ्या कुठल्याही ऋतूत इतकं उपयोगी पडत नाही. आणि ‘दिसला का’ या प्रश्नाने जे पुसलं जातं, ते परत दिसायला लागतं.

सुरुवात हवेपासून करू, कारण जलरंगात अर्धं काम हवा करते. कागदावर पाण्याचा हात दिला, त्यावर रंग सोडला, की रंग पसरायचा कुठे थांबेल हे कुंचल्यापेक्षा कागदातली ओल ठरवते. ओल किती वेळ टिकेल हे हवा किती बाष्प ओढते त्यावर ठरतं, आणि त्याचा हिशेब मांडता येतो. मे महिन्यातली चंद्रपूरची दुपार घ्या : ४५ अंश, सापेक्ष आर्द्रता समजा २० टक्के. आणि डिसेंबरमधली सकाळ दहाची वेळ घ्या : २० अंश, आर्द्रता ५० टक्के. वारा आणि ऊन बाजूला ठेवलं तरी मेच्या हवेची पाणी ओढण्याची ताकद डिसेंबरच्या सुमारे साडेसहा पट भरते. म्हणजे डिसेंबरात जो वॉश, रंगाचा पातळ हात, दहा मिनिटं ओला राहील, तो मेमध्ये दीड मिनिटात सुकून कडा धरतो. आकाश कागदाच्या तळापर्यंत आणेस्तोवर वरचा भाग वाळलेला असतो आणि मधे कायमची रेघ उमटते. चंद्रपूरचा पारा ४६-४७ वर जातो तेव्हा पॅलेटमधला रंगसुद्धा भेगाळतो. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. ऑगस्टमध्ये २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरली तर हवेची ओढ हिवाळ्याच्या निम्म्यावर येते. वॉश वाळत नाही, दुसरा थर पहिल्यात मिसळून सगळा गढूळ लगदा होतो आणि ठेवलेल्या कागदाला बुरशी धरते ती वेगळीच.

पण हिवाळ्यालाही सरसकट पदवी देऊन चालणार नाही. त्याच डिसेंबरात सकाळी सातला, पारा १२ वर आणि आर्द्रता ८० टक्के असताना, हवेची ओढ ऑगस्टपेक्षाही कमी असते. धुक्याचं चित्र काढायला उत्साहाने पहाटे बसणारा हमखास इथे फसतो. समोर धुकं, कागदावर ओल, आणि अर्ध्या तासानंतरही झाडाची एक स्वच्छ कड काढता येत नाही. माहीतगार माणूस ही वेळ ओल्यावर ओलं काम करण्यासाठी वापरतो : मागची झाडी, धूसर काठ, तळ्यावरची वाफ. आणि नऊ-साडेनऊला ऊन कागदावर आलं की पुढची खोडं, बांध, माणसं घेतो. चित्राचा क्रम सकाळच्या क्रमावर बसतो. मागचं आधी, पुढचं नंतर. मऊ आधी, धारदार नंतर. शाळेत जलरंगाचा जो नियम म्हणून शिकवतात, तो इथे आठवावा लागत नाही, उन्हाच्या चालीने तो आपोआप पाळला जातो.

प्रकाशाचंही असंच आहे. चंद्रपूर जवळपास २० अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस येतो, आणि त्याच्या आगेमागे महिनाभर दुपारी कुठल्याही वस्तूला सावली म्हणावी अशी उरत नाही. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारी बारालाही सूर्य ४७ अंशांच्या वर चढत नाही. झाडाची सावली जवळजवळ झाडाएवढी पडते, आणि सकाळ-संध्याकाळ तर ती शेताच्या दोन-दोन बांध्या ओलांडून जाते. चित्राला आकार देते ती सावली. उन्हाळ्यात चित्रकाराला फक्त तासभर सकाळी आणि तासभर संध्याकाळी मिळतो; हिवाळ्यात अख्खा दिवस मिळतो. नवशिक्याला हीच सवलत सगळ्यात मोठी असते, कारण त्याला घाई झेपत नाही.

आता झाडं. ताडोबा ते आलापल्ली हा मुख्यतः सागाचा पानझडी पट्टा. ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह आणि खाली बांबू. पावसाळ्यात हे जंगल म्हणजे हिरव्याची एक भिंत असते आणि हिरवा हा जलरंगातला सगळ्यात फसवा रंग. डिसेंबरनंतर ही भिंत उघडायला लागते. सागाची पानं आधी पिवळट, मग करडी-तपकिरी होऊन खडखडत खाली येतात. धावडा लालसर होतो. बांबू पिवळ्या-राखीकडे झुकतो. झाडाझाडांमधल्या फटी दिसू लागतात, मागचा डोंगर दिसतो, फांद्यांची रचना कळते. तीन रंगांत हा देखावा बसतो : पिवळी गेरू, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरिन निळा. शेवटचे दोन मिसळले की सावलीचा राखाडी मिळतो, आणि अल्ट्रामरिनचे कण खरखरीत कागदाच्या खड्ड्यांत बसून त्याला जो दाणेदारपणा देतात तो सागाच्या सुकलेल्या पानाचा पोत फुकटात देऊन जातो.

या सगळ्यात एका झाडापाशी थोडं थांबायला हवं : कुलू. कुणी कांडोळ म्हणतं, पर्यटकांना ‘भुताचं झाड’ म्हणून दाखवतात. हिवाळ्यात त्याची पानं पूर्ण झडतात आणि काळपट जंगलात ते गुळगुळीत पांढरं उभं राहतं. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागद राखतात. म्हणजे कुलू काढायचा तर कुलूला हातच लावायचा नाही. त्याच्या मागचा अंधार काढायचा आणि तो कडेशी आणून थांबवायचा. हे करायला घेतलं की पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी कळतात. एक, आपण आजवर झाडं बघितली ती वस्तू म्हणून. दोन झाडांमधल्या जागेचा आकार कधी बघितलाच नव्हता. दुसरी, कुलू पांढरा नाही. त्याची साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते. जुन्या पापुद्र्याखाली गुलाबी, कुठे हिरवट, फांदीच्या बगलेत फिका जांभळा असतो, आणि संध्याकाळचं ऊन पडलं की अख्खं खोड केशरी होतं. कागद कोराच ठेवला तर झाड खोटं दिसतं. मग अगदी पाण्यासारखा पातळ गुलाबी हात द्यावा लागतो, आणि तो किती पातळ हे ठरवण्यासाठी पुन्हा झाडाकडे बघावं लागतं. चार तासांच्या सफारीत जिप्सी अशा झाडावरून डझनभर वेळा जाते. थांबत नाही, कारण झाड ‘दिसला’ या सदरात येत नाही.

चित्र काढताना माणूस जास्त बघतो, हे म्हणणं काही नवं नाही. १८५७ साली, ज्या वर्षी मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, त्याच वर्षी इंग्लंडात जॉन रस्किनने चित्रकलेच्या प्राथमिक धड्यांचं पुस्तक काढलं. चित्र काढता यावं म्हणून निसर्ग बघण्यापेक्षा निसर्ग बघता यावा म्हणून चित्र काढणं त्याला अधिक मोलाचं वाटत होतं. रस्किनचं हे मत झालं. त्याला आता थोडाफार प्रयोगाचाही आधार आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना शब्द दिले. काहींचं चित्र काढायला सांगितलं, काही नुसते लिहायला. चित्र काढलेले शब्द ठळकपणे जास्त लक्षात राहिले, आणि चित्र किती बरं-वाईट होतं याने फारसा फरक पडला नाही. दुसरीकडे, अमेरिकेत लिंडा हेन्केल यांनी संग्रहालयात केलेल्या प्रयोगात, ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या वस्तू लोकांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. कॅमेऱ्यावर लक्ष सोपवलं की डोळा सुटीवर जातो, असा याचा अर्थ लावता येतो.

फोटोवाले इथे हरकत घेतील, आणि ती योग्य आहे. हेन्केल यांच्याच प्रयोगात ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला त्यांची आठवण घसरली नाही. म्हणजे दोष यंत्राचा नाही, बघण्याच्या रीतीचा आहे. ताडोबात अशी माणसं आहेत जी एका पाणवठ्यापाशी कॅमेरा लावून शांतपणे तासन्‌तास बसतात. त्यांना कुणी पाहणं शिकवू नये. पण सफारीचं अर्थकारण या सबुरीच्या विरुद्ध आहे. गाडी ठरावीक वेळेत आत, ठरावीक वेळेत बाहेर. सहा पर्यटक, एक गाइड, एक चालक. जंगलातून इशाऱ्याचा कॉल आला की सगळ्या गाड्या एकाच दिशेला. कॅमेरा या घाईशी जुळवून घेऊ शकतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात त्याचं काम होतं. जलरंगाला ते शक्यच नाही. त्याची ही असमर्थताच इथे उपयोगाची आहे. त्याला वीस मिनिटं एका जागी लागतात, त्यामुळे माणसालाही तेवढा वेळ बसावं लागतं.

दुसरी हरकत माध्यमाबद्दलची, आणि ती घेणारा माणूस वजनदार आहे. विन्स्टन चर्चिल आपल्याकडे प्रेमाने आठवला जाण्याचं कारण नाही, पण छंद म्हणून चित्रकला या विषयावर त्याचं लेखन वाचण्याजोगं आहे. पहिल्या महायुद्धात दार्दानेल्सच्या अपयशानंतर, १९१५ मध्ये, तो चाळिशीत रंगांकडे वळला, आणि पुढे त्याने लिहिलेले लेख १९४८ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्याची शिफारस तैलरंगाची. का, तर तैलरंगात चूक झाली की खरवडून काढता येते, पुन्हा वर रंग चढवता येतो. जलरंगात हात फिरला की फिरला. युद्ध चालवलेल्या माणसाला माघारीची सोय हवी होती, हे समजण्यासारखं आहे. पण पाहण्याचं साधन म्हणून विचार केला तर त्याने दिलेलं कारण उलट बाजूनेच पडतं. ज्या माध्यमात खोडता येत नाही त्यात कुंचला टेकवण्याआधी ठरवावं लागतं, आणि ठरवण्यासाठी बघावं लागतं. शिवाय व्यवहार आहे. तैलरंगाचं चित्र वाळायला दिवस जातात, सोबत टर्पेंटाइन, कॅनव्हास, स्टँड. जलरंगाची पेटी, पाण्याची बाटली आणि चौथाई शीट पिशवीत मावतं, आणि दुपारच्या जेवणाआधी चित्र वाळून फाइलमध्ये जातं.

तिसरी हरकत आपल्या घरातली : ‘मला कुठे चित्र काढता येतं?’ महाराष्ट्रात हा प्रश्न जरा विचित्रच म्हणायचा, कारण चित्रकलेशी इतक्या मुलांची रीतसर गाठ पडते अशी राज्यं थोडी असतील. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना गावोगावची मुलं बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. मडकं, वांगी, मागे घडी घातलेलं कापड. वॉश सपाट असावा, बॉर्डर स्वच्छ असावी, ग्रेड मिळावी आणि तिचे वाढीव गुण दहावीत जमा व्हावेत. १९३१ मध्ये दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅम्लिनच्या पेट्या घरोघरी होत्या आणि आहेत. अडचण ही की दहावी झाली की पेटी माळ्यावर जाते. गुण मिळाले, आता कशाला? म्हणजे मराठी मध्यमवर्गाला जलरंग येत नाही असं नाही. त्याला तो परीक्षेचा विषय म्हणून येतो. स्मरणचित्रात तर न बघता काढण्याचाच सराव होतो : दोन डोंगर, मधून सूर्य, नागमोडी नदी. समोर वैनगंगा असली तरी हातून तीच नदी निघते. तेव्हा प्रौढपणी पेटी उघडणाऱ्याला नवं शिकण्यापेक्षा हे विसरणं जास्त जड जातं. ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना पाऊण तास चित्र-कोलाज-मातीकाम करायला दिलं, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालेलं आढळलं. आधीचा अनुभव असो वा नसो. हा अभ्यास लहान आहे, त्यात तुलनेचा वेगळा गट नव्हता आणि जलरंगही नव्हते, म्हणून त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण ‘येत असेल त्यानेच करावं’ या समजुतीला त्याने धक्का बसतो एवढं नक्की.

मुद्दा समोरचं साधंच नीट बघण्याचा आहे, हे आपली परंपराही सांगते. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे. मध्ये शिकून गावी परतले आणि कोटितीर्थाच्या तळ्याकाठी वर्षानुवर्षं तेच पाणी, तीच झाडं निरनिराळ्या उजेडात काढत राहिले. कोटितीर्थ म्हणजे काही नायगारा नव्हे. सावळाराम हळदणकरांच्या, आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात असलेल्या, हातात दिवा घेतलेल्या बाईच्या चित्राला लोक तैलचित्र समजून जातात. ते जलरंगातलं आहे, आणि त्यातही सगळी करामत एका लहानशा ज्योतीचा उजेड बोटांवर आणि चेहऱ्यावर कुठवर पोचतो हे बघण्यात आहे. जलरंगचित्रकार मिलिंद मुळीकांची पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली आणि गेल्या पंचवीसेक वर्षांत रविवारी सकाळी पुण्याच्या पेठांत स्टूल टाकून बसणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. पण या सगळ्याचा नकाशा पाहिला तर तो कोल्हापूर, पुणे, मुंबई, कोकणात दाटतो आणि पूर्वेकडे विरळ होत जातो. वाडे, घाट, बंदरं, होड्या हे मराठी जलरंगाचे नेहमीचे विषय. झाडीपट्टीतल्या, म्हणजे इथल्या धानाच्या मुलखातल्या, बांध्या, बोड्या, मालगुजारी तलाव, कापणीनंतर रचलेले पुंजणे यांना अजून कुणी हळदणकर लाभलेला नाही. छंद म्हणून काढणाऱ्याला याचा फायदाच आहे. आधीच्या चित्रांची नक्कल करायची सोय नाही.

आता सगळ्यात टोकदार आक्षेप. गडचिरोलीत, जिथे १९८२ साली स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून बातमी येते ती कुपोषण, मलेरिया, नक्षल, खाण आणि हत्तींची, तिथे जलरंगाचा छंद ही सुखवस्तूंची चैन नाही का? धान कापणाऱ्या बाईला कुठली सवड? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात एक चित्र असतं : गरीब मुलखात माणसं फक्त जगतात, रमत नाहीत. झाडीपट्टीने हे चित्र केव्हाच खोटं ठरवलेलं आहे. धान घरात आलं की मंडया म्हणजे जत्रा सुरू होतात, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट जुंपतात, आणि वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या गावोगाव निघतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. प्रेक्षक शेकोट्या, घोंगड्या, पोरंबाळं घेऊन बसतात. तिकीट काढून बसतात, हे महत्त्वाचं. दिवाळीपासून होळीपर्यंत चालणारा हा हंगाम कुठल्याही सरकारी अनुदानाने उभा केलेला नाही. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याला तिची जरा ओळख झाली. पण इथल्या माणसाने हिवाळा हा कलेचा ऋतू असल्याचं पिढ्यान्‌पिढ्या धरूनच ठेवलं आहे. आणि या नाटकांच्या मागे लागतात ते रंगवलेले पडदे : महाल, रस्ता, जंगल. म्हणजे रंगवलेलं निसर्गचित्र इथल्या प्रेक्षकाने पुण्यातल्या प्रेक्षकापेक्षा कदाचित जास्तच वेळा, रात्रभर समोर ठेवून बघितलेलं आहे. जलरंग इथे परका असेल. हिवाळ्यात रंगात रमणं परकं नाही.

त्याच आक्षेपाचा दुसरा भाग मात्र खरा आहे आणि तो टाळू नये. बाहेरून येऊन जंगलात स्टूल टाकणाऱ्याने हे जंगल कुणाचं तरी राहतं घर आहे हे लक्षात ठेवायला हवं; माणसाचंही आणि वाघाचंही. चंद्रपूर जिल्ह्यात मोह वेचताना, तेंदूपत्ता तोडताना, सरपण गोळा करताना माणसं दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात मरतात. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस वाघाला माणूस म्हणून ओळखू येत नसावा, असं वनखात्याचे लोक सांगतात. चित्रकार नेमका तसाच बसतो : खाली मान, झाडीकडे पाठ, कान बंद. बफरमधल्या पांदीत एकट्याने बसून चित्र काढणं हा छंद नव्हे, मूर्खपणा आहे. कोअरमध्ये तर गाडीतून उतरायलाच बंदी. म्हणून इथला जलरंग मुख्यतः जंगलाच्या कडेचा राहील, आणि त्यात काही बिघडत नाही. चंद्रपूर शहराभोवतीचा गोंडराजांचा परकोट आहे. त्यातली झाडं-झुडपं काढून इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून तो चालण्याजोगा केला. जटपुरा आणि पठाणपुरा दरवाजे आहेत, राणी हिराईने बांधवलेली बीरशहाची समाधी आहे, रामाळा तलाव आहे. चामोर्शीजवळ मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि देवळांच्या रांगेवर सकाळचं ऊन नदीच्या अंगाने येतं. भामरागडला तीन नद्या भेटतात, सिरोंचाला प्राणहिता गोदावरीत उतरते. गाडीतून जे दिसेल त्याचं पेन्सिलीने पाच मिनिटांत टिपण करावं, कडेला रंगांची नावं लिहावीत, आणि चित्र मुक्कामाच्या ओसरीवर करावं. पूर्वीचे प्रवासी चित्रकारही असंच करत.

खर्चाचं थोडक्यात. रंग स्वस्त चालतात, कुंचला एक बरा असला तरी पुरतो, पण कागदात कंजुषी केली की सगळं फुकट जातं. शाळेच्या ड्रॉइंग पेपरवर पाण्याचा हात दिला की तो फुगतो, सुरकुततो, आणि दोनदा घासलं की पृष्ठभाग सुटतो. जलरंगाला हवा असतो ३०० ग्रॅमचा, सुती धाग्याचा कागद. गंमत पाहा : बल्लारपूरची कागद गिरणी देशभर नावाजली ती याच जंगलातल्या बांबूवर. पण बांबूचा लगदा लिहिण्या-छापण्याचा, जलरंगाचा नव्हे. आणि जलरंगाच्या कागदाला लागतो तो कापूस याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, वरोरा-भद्रावती-राजुऱ्याच्या काळ्या मातीत पिकतो. शेजारच्या वर्ध्यात गांधीजींनी १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ काढला तेव्हा हातकागदही त्या कामात होता. तरीही चंद्रपूरचा हौशी चित्रकार आज कापसाचा कागद मागवतो तो बाहेरून. तेव्हा अख्खी शीट घेऊन तिचे आठ तुकडे करावेत. लहान कागद लवकर भरतो, वॉश हाताबाहेर जात नाही आणि बिघडला तर जीव जळत नाही.

शेवटचा मुद्दा धुक्याचा. हिवाळी चित्रात सगळ्यांना आवडतं ते धुकं : मागची झाडी निळसर, तिच्या मागची त्याहून फिकी. चंद्रपुरात मात्र या धुक्याकडे जरा संशयाने बघायला हवं. शहराला लागून २९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, आणि थंडीत जमिनीलगतची गार हवा वर न उठल्याने धूर आणि धूळ खालीच अडकून राहते. म्हणजे चित्राला खोली देणारी ती धूसरता अंशतः छातीत जाणारी आहे. इथे आक्षेप येतो की जलरंगवाले या सगळ्याला सुंदर करून टाकतात. वाईट चित्रकार करतो, हे खरं. पण बघून काढणारा फसत नाही, कारण त्याला रंग जुळवावा लागतो. दवाचं धुकं निळसर-करडं असतं आणि ऊन चढलं की विरतं. धुरकं पिवळट-तपकिरी असतं, क्षितिजाशी पट्ट्यासारखं बसतं आणि दहा वाजल्यानंतरही हलत नाही. पहिल्याला अल्ट्रामरिन लागतो, दुसऱ्यात थोडी कच्ची उंबर घातल्याशिवाय ते जमत नाही. पॅलेटवर हा फरक नाकारता येत नाही. टर्नर आणि मोने यांच्या चित्रांचा अभ्यास करून अ‍ॅना ली ऑलब्राइट आणि पीटर ह्युबर्स यांनी २०२३ मध्ये दाखवलं, की लंडन-पॅरिसच्या हवेत कोळशाचा धूर वाढत गेला तशी या चित्रांतल्या कडांची स्पष्टता घटत गेली आणि रंग पांढुरके होत गेले. चित्रकारांनी प्रदूषणाचा अहवाल लिहायला घेतला नव्हता; समोर होतं ते काढलं. चंद्रपूरच्या हवेची अशी चित्रांची रांग कुणापाशी नाही. ती करायला टर्नर लागत नाही. इरई नदीच्या काठी एकच जागा धरावी, दरवर्षी डिसेंबरातल्या त्याच आठवड्यात, सकाळी त्याच वेळेला, तेच रंग आणि त्याच जातीचा कागद घेऊन बसावं, आणि चित्र वाळलं की मागे तारीख, वेळ आणि वारा कुठून होता ते पेन्सिलीने लिहून ठेवावं.